काळजाचा नकाशा

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोटा अभिमान असतो. शब्द आपल्याला ठाऊक आहे म्हणजे ती वस्तूही ठाऊक आहे, अशी त्याची समजूत असते. 'काळीज' या शब्दाचेच पाहा. 'काळीज धडधडले', 'काळजाला घरे पडली', 'काळजाचा तुकडा' हे वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ते लिहून झाले की मुलांना सांगायचे, "बाळांनो, काळीज म्हणजे हृदय असं आपण धरून चालतो, पण हा शब्द मुळात यकृताचा. मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, खाटीक तुम्हांला यकृतच देईल. या बाबतीत तो कवींपेक्षा शुद्ध मराठी बोलतो!" यावर वर्ग हसतो, घंटा होते आणि मी खडूची पूड झटकून समाधानाने बाहेर पडतो.

पण २०२३ च्या जून महिन्यात पुण्याच्या एका रुग्णालयात मला माझे स्वतःचे काळीज पडद्यावर दाखवण्यात आले, तेव्हा या विषयातले आपल्याला काहीच ठाऊक नव्हते हे मला कळून चुकले. त्याचीच ही हकीकत.

आम्ही तिघे भावंडे. दादा थोरला, ताई मधली आणि मी शेंडेफळ. दादाने उभ्या जन्मात दारूला स्पर्श केला नाही. तरीही २०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी झाले आणि यकृताचा सिऱ्होसिस झाल्याचे निदान झाले, तेव्हा गल्लीतल्या चार भुवया वर चढल्याच. वहिनींना त्या भुवयांचे दुःख आजाराइतकेच झाले. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की मधुमेह आणि स्थूलपणा यांच्या संगतीने यकृतात चरबी साठते, त्या चरबीने ते वर्षानुवर्षे आतून सुजत राहते, व्रण पडत जातात आणि शेवटी मऊ यकृताचा घट्ट, गाठाळ गोळा होतो. मद्याची गरजच नसते. दादाचे यकृत त्या शेवटच्या पायरीवर होते. औषधांनी दिवस ढकलता येतील. पण खरा उपाय म्हणजे दुसरे यकृत.

आपल्याकडे १९९४ सालच्या कायद्याने अवयवदानाला चौकट घालून दिली आहे. मृताचे यकृत मिळायचे तर यादीत नाव घालून वाट पाहावी लागते. नाही तर जवळच्या नातेवाइकाने आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा. यकृत हा असा एकच मोठा अवयव आहे, की त्याचा भाग कापून काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांतच वाढीला लागतो. घरात मोजदाद झाली. वहिनींना मधुमेह, पुतण्या सोळा वर्षांचा, म्हणजे कायद्याने बाद. राहिलो ताई आणि मी. दोघांचेही रक्तगट चालण्यासारखे होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी देणार." ताईने तोंड उघडले, पण "तू गप गं, तुला संसार आहे," असे म्हणून तिला सगळ्यांनी गप्प केले. जणू काही मला संसार नव्हता! पण त्या क्षणी मला फार थोर वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तपासणीच्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी कोल्हापूरकडचे एक शेतकरी गृहस्थ बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे. अंगाला सतत खाजवत होते. गळ्यात काविळीची माळ होती. डोक्यात घातली की दिवसागणिक वाढत वाढत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असे लोक मानतात ती. "दोन महिने झाले, गुरुजी," ते म्हणाले. "माळ पार बेंबीपर्यंत आली, कावीळ काही उतरंना." माझा व्यवसाय त्यांनी कसा ओळखला कोण जाणे.

या माळेला यश येते ते का, हे मला पुढे कळले. विषाणूंमुळे होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला वा न घाला. श्रेय मात्र माळेला जाते. पण काविळीचा दुसराही एक प्रकार आहे. यकृतात तयार झालेले पित्त एका नलिकेतून आतड्यात उतरते. ही नलिका वाटेत स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिच्यात खडा अडकला, किंवा स्वादुपिंडात गाठ होऊन तिने नलिका दाबली, की पित्त तुंबते आणि रक्तात उतरते. अंगाला कंड सुटते, लघवी गडद होते, शौच मातीसारखे पांढुरके होते. ही कावीळ माळेला दाद देत नाही. तिथे अडथळा नेमका कुठे आहे आणि कशाचा आहे, हे पाहावेच लागते. आणि पाहायचे कसे, ही तर वैद्यकाची जुनी अडचण!

कारण ही इंद्रिये मोठी आडरानात बसली आहेत. यकृत बरगड्यांच्या आड. स्वादुपिंड त्याहून आत, जठराच्या पाठीमागे, कण्याला टेकून. पूर्वी ती पाहायची म्हणजे माणूस मेल्यावर पाहायची. १६४२ साली इटलीतील पादुआ येथे व्हिर्सुंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने फाशी गेलेल्या एका माणसाचे प्रेत फाडताना स्वादुपिंडातली नलिका शोधली आणि तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतले. बिचाऱ्याला त्या शोधाचे सुख वर्ष-दीड वर्षच लाभले. १६४३ मध्ये त्याचा खून झाला. नलिकेला मात्र अजून त्याचेच नाव आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या आत डोकावण्याची पहिली खिडकी उघडली. त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे काढलेले चित्र, बोटातल्या अंगठीसह, जगभर गाजले. पण क्ष-किरणाचे चित्र ही शेवटी सावलीच. लहानपणी वीज गेली म्हणजे आपण कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरीण काढत असू. त्या सावलीवरून हात ओळखणे जसे अवघड, तसेच क्ष-किरणांच्या सावलीवरून पोट ओळखणे. हाडे ठसठशीत उमटतात. यकृत, जठर, स्वादुपिंड सगळी एकाच करड्या रंगात मिसळतात. १९२४ साली अमेरिकेत ग्रॅहम आणि कोल या दोन शल्यचिकित्सकांनी एक युक्ती काढली. यकृत जे द्रव्य पित्तात टाकते असे द्रव्य रोग्याला दिले, आणि पित्ताशय प्रथमच चित्रात दिसू लागले. तरी तीही सावलीच. तिला लांबी-रुंदी होती, खोली नव्हती.

खोली आणली ती हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने. हा गृहस्थ नोकरीला होता ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी नावाजलेल्या ई. एम. आय. कंपनीत, आणि याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. (आम्हां एम. ए. वाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) त्याची कल्पना समजायला दिवाळीचीच उपमा घेऊ. करंजीची सावली पाहून तिच्यात सारण किती भरले आहे ते सांगता येत नाही. पण समजा, त्या करंजीच्या सर्व बाजूंनी फिरून शेकडो सावल्या टिपल्या आणि त्यांचे गणित मांडले, तर सुरी न लावता तिची एक पातळ चकती कागदावर उतरवता येईल. अशा चकत्या एकीवर एक रचल्या, की पुन्हा सबंध करंजी उभी राहील, आणि आता तिच्यात सारण कुठे आहे, पोकळी कुठे आहे, सारे दिसेल. हाउन्सफील्डच्या पहिल्या प्रयोगात एक चकती टिपायला नऊ दिवस लागले आणि तिचे गणित सोडवायला संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रोग्याचा मेंदू या रीतीने पाहण्यात आला. हेच गणित कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे सोडवून १९६३-६४ मध्येच छापले होते. पण ते कोणी फारसे वाचले नव्हते. १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

पहिला मान मेंदूला मिळाला, त्याचे एक साधे कारण आहे. डोके स्थिर ठेवता येते. यकृत छातीच्या पडद्याखाली लटकलेले. प्रत्येक श्वासाबरोबर ते खालीवर होते. एका चकतीला मिनिटे लागत होती तोपर्यंत यकृताचे चित्र हलणारच. १९८९ च्या सुमारास नवे यंत्र आले. त्यात क्ष-किरणांची नळी अखंड फिरत राहते आणि रोग्याचा पलंग तिच्यातून सरकत जातो. एका रोखलेल्या श्वासात सबंध यकृत टिपता येऊ लागले.

तो श्वास रोखण्याचा अनुभव मी घेतला आहे. मला पलंगावर निजवून हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त औषध सोडले. क्षणात सर्वांगातून गरम पाण्याची लाट गेल्यासारखे झाले. मग यंत्रातून एक बाई हिंदीत बोलल्या, "साँस लीजिए. रोकिए." थोड्या वेळाने पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा कशासाठी? यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे पाव हिस्सा रोहिणीतून आणि पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून. औषध प्रथम रोहिणीत चमकते, मग प्रवेशिका नीलेत, मग यकृतातून बाहेर पडणाऱ्या नीलांत. प्रत्येक वेळी चित्र टिपले, की तिन्ही वाटा वेगवेगळ्या उजळलेल्या मिळतात. यकृताच्या कर्करोगाची गाठ बहुधा रोहिणीच्या रक्तावर पोसते. म्हणून ती पहिल्या चित्रात उजळून दिसते आणि पुढच्यात मावळते. ओळख पटवायला ही वेळेची खूण फार उपयोगी पडते.

दुपारी दुसरे यंत्र, एम. आर. आय. त्यात क्ष-किरण नाहीत, मोठे चुंबक आहे. आणि आवाज असा, की पुण्याच्या तांबट आळीत उशाला हातोडे घेऊन झोपावे! या यंत्राची एक रीत १९९१ पासून वापरात आली आहे. तिच्यात स्थिर असलेले पाणी तेवढे लख्ख उजळते आणि बाकीचे अंधारात जाते. वाहते रक्त काळे राहते, संथ पित्त पांढरेशुभ्र दिसते. त्यामुळे पित्तनलिकांचे आणि स्वादुपिंडाच्या नलिकेचे झाड सुईदेखील न टोचता पडद्यावर उमटते. १९६८ पासून याच कामासाठी तोंडावाटे दुर्बिणीची नळी आतड्यापर्यंत घालून औषध सोडावे लागे. खडा काढायला किंवा तुंबलेल्या नलिकेत नळी बसवायला ती रीत आजही लागते. नुसते पाहण्यासाठी मात्र सहसा लागत नाही.

चार दिवसांनी क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरबाईंनी मला पडद्यासमोर बसवले. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्याच असतील. "सर, हे तुमचं लिव्हर," म्हणाल्या. काळ्या अवकाशात एक तपकिरी, पारदर्शक आकार तरंगत होता. आत तांबडे, जांभळे, निळे आणि हिरवे असे चार वृक्ष एकमेकांत फांद्या गुंतवून उभे होते. त्यांनी बोट हलवले, आणि माझे काळीज गरकन वळून पाठमोरे झाले. "हे रंग आम्ही भरलेले, बरं का. आत असं काही नसतं." पूर्वी एकेका चकतीवर हाताने कडा आखाव्या लागत, आता संगणक बरेचसे आखतो आणि त्या चुका दुरुस्त करतात.

त्यांनीच सांगितले, की यकृताचे दोन भाग वरून दिसतात तिथे नसतातच. जेम्स कँटली नावाच्या डॉक्टरने १८९७ साली दाखवून दिले, की खरी विभागणी पित्ताशयापासून मागच्या महानीलेकडे जाणाऱ्या एका अदृश्य रेषेवर आहे. १९५७ मध्ये क्विनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने यकृताचे आठ खंड पाडले. मृतांच्या यकृतातील वाहिन्यांत राळ भरायची, ती कडक झाली की भोवतालचे मांस विरघळवून टाकायचे आणि उरलेल्या झाडाचा अभ्यास करायचा, ही त्याची पद्धत. आज यकृतावर शस्त्र चालवणारा प्रत्येक जण हे आठ खंड मानतो. पण क्विनोच्या झाडासाठी माणूस मेलेला असावा लागे, आणि ते झाड त्या एकाच माणसाचे असे. माझे झाड मी खुर्चीवर बसून पाहत होतो.

बाईंनी पडद्यावर एक रेघ ओढली. यकृताचे दोन तुकडे झाले, आकडे उमटले. एकूण घनफळ १२१० घन सेंटिमीटर, उजवा भाग ८९०, डावा ३२०.

"सर, तुम्हांला नाही देता येणार. मोठ्या माणसासाठी उजवा भाग घ्यावा लागतो. तुमचा डावा लहान आहे. मागे सव्वीस टक्केच उरेल. तीसच्या खाली आम्ही जात नाही."

"पण माझी तयारी आहे."

"तयारी आम्हांला मोजता येत नाही, सर. घनफळ मोजता येतं."

आता जे लिहितो ते घरात मी अजून कोणाला सांगितलेले नाही. त्या क्षणी मला दुःख झाले नाही. मी श्वास सोडला. यंत्रातल्या बाईंनी रोखायला सांगितलेला तो श्वास मी जणू चार दिवस रोखूनच होतो. मागाहून त्या सुटकेची लाज वाटली, अजूनही वाटते. पण पुढे विचार केल्यावर त्या चित्राविषयी मनात आदर उत्पन्न झाला. माझ्या थोरपणाला ते भुलले नाही आणि माझ्या भीतीचीही त्याने चौकशी केली नाही. हे चित्र नसते आणि माझे पोट उघडल्यावर कोणाला ते सव्वीस टक्के दिसले असते, तर एका रोग्याचे दोन झाले असते. सुरी लागण्याच्या आधी 'नाही' म्हणता येणे, हा या विद्येचा सर्वांत मोठा गुण आहे.

बाहेर बाकावर कोल्हापूरकडचे गृहस्थ त्याही दिवशी होते. गळ्यात माळ नव्हती. त्यांच्या मुलाने सांगितले, की स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे. गाठ काढता येईल की नाही हे एका गोष्टीवर ठरायचे होते: शेजारून जाणाऱ्या आतड्याच्या रोहिणीला ती नुसती टेकली आहे, की तिला विळखा घालून बसली आहे. अर्ध्या वर्तुळापर्यंत स्पर्श असेल तर शस्त्रक्रियेची आशा धरता येते. विळखा त्याहून अधिक असेल तर वाट फार बिकट. हेही पडद्यावर चित्र फिरवून, चारी अंगांनी पाहूनच कळते. त्यांचे पुढे काय झाले ते मला समजले नाही. ते माळेचे दोन महिने मात्र माझ्या मनातून जात नाहीत. कोणाचे डोळे पिवळे दिसले, की मी आता शब्दांची व्युत्पत्ती सांगत बसत नाही. आधी डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफी करून घ्या म्हणून सांगतो.

त्या रात्री ताईचा फोन आला. "आता माझं चित्र काढा," एवढेच म्हणाली. या वेळी तिला गप्प करायला कोणाकडेच शब्द नव्हते.

ताईचा उजवा भाग ७१० घन सेंटिमीटर आणि डावा ४१० भरला. मागे सुमारे सदतीस टक्के उरणार होते. दादाच्या अडुसष्ट किलो वजनालाही उजवा भाग पुरेसा होता. पण तिच्या हिरव्या झाडात एक गोम निघाली. उजव्या भागाच्या मागच्या खंडातली पित्तनलिका उजवीकडे न मिळता सरळ डाव्या नलिकेला जाऊन मिळत होती. अशी ठेवण काही जणांची जन्मतःच असते; एरवी आयुष्यभर कळतही नाही. पण उजवा भाग कापून काढताना ती ठाऊक नसेल, तर ताईच्या उरलेल्या नलिकेलाच इजा व्हायची. ठाऊक असली म्हणजे एवढाच फरक पडतो, की कापलेल्या भागाला पित्ताची एक सोडून दोन तोंडे येतात आणि ती दोन्ही दादाच्या बाजूला जोडावी लागतात. शल्यचिकित्सकांनी पडद्यावर ते यकृत अनेकदा कापून पाहिले. दात्याच्या जिवाला धोका अल्प असतो, पण शून्य नसतो, हेही त्यांनी लपवले नाही. ताईने सगळे ऐकून घेतले आणि सही केली.

सप्टेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सकाळी ताई आत गेली, मागोमाग दादा. मी आणि ताईचे यजमान दिवसभर एकाच बाकावर न बोलता बसून होतो. चित्र कितीही चांगले असले तरी चित्रावर विसंबून पित्तनलिका कापत नाहीत; ऐन शस्त्रक्रियेतही त्यांच्यात औषध सोडून पुन्हा एकदा क्ष-किरणांनी खात्री करतात. संध्याकाळी शल्यचिकित्सक बाहेर आले आणि टोपी काढून म्हणाले, "दोन तोंडं होती. जिथं दिसली होती तिथंच." नकाशाला याहून मोठी शाबासकी कोणती द्यायची?

त्या वर्षीची भाऊबीज ताईच्या घरी न होता दादाच्या घरी झाली, कारण त्याला गर्दीत जायची मनाई होती. दादा तोंडाला पट्टी बांधून पाटावर बसला. परक्या यकृताला शरीराने हुसकावून लावू नये म्हणून तो औषधे घेत होता, आणि त्या औषधांनी जंतूंशी लढायची ताकद कमी होते. ताई अजून वाकताना पोटावर हात धरत होती. तिने ओवाळले. दादाने तबकात पाकीट ठेवले आणि त्याला बोलवेना. तेव्हा ताईच म्हणाली, "अरे, माझं तर पुन्हा वाढलंसुद्धा. परवाच चित्र काढून बघितलं त्यांनी."

मग तिने माझ्याकडे पाट सरकवला. मी बसलो. तिने मलाही तितक्याच मायेने ओवाळले. माझ्या सव्वीस टक्क्यांची ती फिल्म मी कपाटात व्याख्यानांच्या टिपणांजवळ ठेवली आहे. 'काळीज' शब्द शिकवायची वेळ आली, की तास घेण्यापूर्वी ती एकदा उजेडात धरून पाहतो.